शुद्धिपत्र, पान अठ्ठ्याऐंशी

सातेरी देसूरकरांनी आधी एक चालती अ‍ॅम्बॅसेडर विकत घेतली
आणि मोडली.
शहापुरात, प्रेसच्या मागच्या पत्र्याच्या शेडात,
नट न् नट पोत्यावर मांडला,
प्रत्येकाशेजारी चिठ्ठी, चिठ्ठीवर खडा.
मग पाच महिने ती परत जोडत-जोडत लिहिलं:
'आधी बॅटरीची तार सोडवा. मग बाकीचं धाडस.'

गल्ली हसली. पुस्तक वाचून गाडी होते व्हय दुरुस्त,
हात काळे केल्याबगर?
ते म्हणाले, काळ्या हातांनीच वाचा की,
म्हणून तर जाड कागद घातलाय.

चित्रं चन्नबसप्पा कम्मारची.
त्याला मराठी वाचता येत नसे,
देसूरकरांना सरळ रेघ ओढता येत नसे.
मध्ये कार्बोरेटर ठेवून दोघं भांडायचे,
एक मराठीत, एक कानडीत,
चहा निवून साय धरेपर्यंत.
म्हणून डावं पान मराठी, उजवं कानडी.
बाहेर पाट्यांवरनं दगड सुरू झाले
की आम्ही शटर ओढायचो
आणि पिवळ्या बल्बखाली पुढचा फॉर्म चढायचा.
क्लच दोन्हीकडं क्लचच होता.

आम्ही म्हणजे माझे अप्पा, कल्लाप्पा मुचंडी, कंपोझिटर,
आणि त्यांच्या स्टुलाशेजारी मी, अकरा वर्षांची.
दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अप्पांना हिवताप.
उजवं पान त्यांनी कसंबसं जुळवलं,
डावं मी.
शिसं उलटं वाचावं लागतं.
मी सगळं उलटं वाचलं,
एक आकडा तेवढा सुलटा वाचला.
टॅपेटचं अंतर पंधरा थाऊ
छापून आलं एक्कावन्न.

निपाणीहून कार्ड आलं, कुणी रामू हेगडेसाहेबांचा ड्रायव्हर:
'आपल्या पुस्तकाबरहुकूम केलं.
गेजची पाती एक पुरेना, म्हणून चार एकत्र धरली.
आता तवंदी घाटात गाडी अशी टकटकते
की साहेब म्हणतात, कोण दार वाजवतंय बघ.
माझंच काही चुकलं असेल तर कळवावे.'

त्या शेवटच्या ओळीनं देसूरकर दोन दिवस जेवले नाहीत.

शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून भागलं असतं.
त्यांनी लाल शाईचं पेन घेतलं आणि एसटी धरली.
संकेश्वर, चिकोडी, गोकाक, हल्याळ,
गॅरेज दिसलं की उतरायचे,
चप्पल बाहेर काढायचे, देवळात काढावी तशी,
आणि म्हणायचे, जरा तुमचं पुस्तक देता?
तीनशे अठ्ठ्याऐंशी प्रती स्वतःच्या हातानं दुरुस्त केल्या.
बाकीच्या सापडल्या नाहीत.
अप्पा म्हणाले, मालक, माझा हात चुकला.
देसूरकरांनी माझ्याकडं बघितलं,
माझ्या बोटांवरच्या शाईकडं,
आणि म्हणाले, ताप उतरला का तुझा, कल्लाप्पा?

पुढं गाड्यांत कॉम्प्युटर आले.
शेडात आता कुणाचा तरी टाइल्सचा साठा आहे.
टाईप किलोवर गेला.

परवा खानापूरजवळ माझ्या स्कूटरची केबल तुटली.
इमामसाब नदाफांच्या गॅरेजात फळीवर, ग्रीसच्या डब्याखाली,
कव्हर नसलेलं ते.
पाठीमागं वळून मी पान उघडलं, चोरून उघडावं तसं.
लाल शाई नव्हती.
माझं एक्कावन्न तसंच होतं, ठळक,
आणि उजव्या पानावरच्या कानडी पंधरापासून
शिवण ओलांडून
डाव्या पानावर आलेला
पेन्सिलीचा एक बाण.

कधी काढला, मी विचारलं.
कुणास ठाऊक, इमामसाब म्हणाले,
बाजूलाच तर बरोबर लिवलं होतं की.
केबलचे ऐंशी द्या.